जावेच्या रेडिओची खोळ

काल दोघी नाती टीव्हीला लावायचे खेळाचे डबे पालथे करून बघत होत्या. दिसायला सारखेच, पण एकीचा नव्या मॉडेलचा निघाला. दुसरीचं पडलेलं तोंड बघून मला रिठदच्या सासरघरातला कोनाडा आठवला.

त्या कोनाड्यात मी माहेरहून आणलेला रेडिओ असायचा. मग धाकटी जाऊ कमल लग्नात तसाच रेडिओ घेऊन आली. मी दोन्ही पालथे केले. माझ्याचं झाकण स्क्रूचं, तिच्याचं नखाने उघडायचं. माझा भिंतीकडे वळवल्याशिवाय स्टेशन धरत नसे, तिचा कसाही ठेवला तरी गायचा. तरी मी म्हटलं, "माह्यासारखाच हाय."

"मंग बाई, तुमच्याच मापाची खोळ शिवून द्या ना मले," कमल म्हणाली.

माझ्या रेडिओच्या खोळीवरून माप घेऊन मी मणी लावून शिवली. पण तिच्या रेडिओचं बटण दुसऱ्या बाजूला होतं. खोळीच्या भोकातून नुसतं प्लास्टिक दिसलं.

सासू माझ्याकडे बघून हसली. "सारखाच हाय म्हणे! मोठे, दोनी खोळी तुह्याच रेडिओले घाल. कोनाड्यात हिचा ठेव."

माझा पेटीत गेला. आता कमल नाही. तिचा रेडिओ अजून वाजतो, असं तिची सून सांगते. मी विषय बदलते.