राजाचे केस झडायचे दिवस

रुळाखालची गिट्टी एकदा ठोकून बसवली की झालं, असं पाहणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. गाडी जाते, गिट्टी हलते, पुन्हा ठोका. गोष्टींचंही तसंच. एक सांगून बसवावी तर तिच्याखालून दुसरी वर येते. दरेकशाच्या रेल्वे गँगमध्ये, रूळ सांभाळण्यात मी उभा जन्म काढला, पण लोक मला विचारतात ते सशाचंच.

*

तेव्हा विलायतेची लढाई चालू होती. आमच्या लाइनीच्या साहेबाची एकुलती पोर, तिला सारे बेबी म्हणत. छातीच्या दुखण्यानं ती दूर पहाडातल्या दवाखान्यात होती. तिचा ससा मागं बंगल्यावर राहिला. पांढरा, लांब केसांचा, बसला की पिंजलेल्या कापसाचा ढीग. नाव राजा. बेबीची एकच अट होती. दर हप्त्याच्या चिठ्ठीत राजाच्या केसांचा पुंजका पाहिजे, तेव्हाच ती दवा पिणार.

वर्षातून दोन-तीनदा राजाचे केस झडत. तो स्वतःला चाटायचा, केस पोटात जायचे. पोटात त्याचा गोळा झाला की असा ससा वाचत नाही, हे मेमसाबला ठाऊक होतं. रोज विंचरणारा माणूस पाहिजे होता. तिनं आमच्या मेटला, म्हणजे गँगच्या मुकादमाला विचारलं, "बिसराम, सबसे धीमा आदमी कौन है?"

बिसरामला विचार करावा लागला नाही. "ये सुकराम, मेमसाब. इसको भात खाने को दो घंटा लगता है."

त्या दिवसापासून माझी सकाळी लाइन, दुपारून ससा.

*

पहिल्याच खेपेला मी चुकलो. केस गळताना पाहिले आणि वाटलं, याला खाज झाली. बैलाला खाज झाली की आम्ही करंजाचं तेल चोळतो. मी राजाला चोळलं, कानापासून शेपटापर्यंत. तो ते चाटायला लागला तसा मी घाबरलो आणि रिठ्याच्या पाण्यानं धुऊन काढला. वाळल्यावर केसांची घोंगडी झाली. पिवळी.

मेमसाब बाहेर आली. तिनं वाकून पाहिलं. मग म्हणाली, "सुकराम, ये कौन है?"

"राजा ही है, मेमसाब."

धनगराची कात्री आणून एकेक गाठ कापायला मला तीन दिवस लागले. ती रागावली नाही. त्यातलीच एक पिवळी गाठ तिनं लिफाफ्यात घातली.

*

बिसराम एकदा बंगल्याच्या कुंपणाशी थांबला. "अबे सुकराम, ससा रश्श्यात घालतेत. तू त्याले मांडीवर घेऊन काऊन बसून राहिला?"

मी म्हटलं, "पोरीची दवा आहे थे."

तो फावडं खांद्यावर टाकून चालता झाला. पण दुसऱ्या दिवसापासून लाइनीवरून येताना मूठभर कोवळं दूब-गवत आणायला लागला. माझ्या हातात द्यायचा नाही. कुंपणावर ठेवून जायचा.

*

फणीनं राजाला ओढ बसायची आणि तो लाथा झाडायचा. माझी बायको भागी डबा घेऊन आली होती, ती लांबूनच पाहत होती. सशाला तिनं कधी हात लावला नाही.

"तसं नाई," ती म्हणाली. "मुळाशी बोट दाबून धरा. मंग शेंड्याकडून सोडवत या. पोरीची वेणी सोडवतेत तशी."

तसं केलं. राजा मांडीवर डोळे मिटून पडला.

"इतके वरस झाले," भागी म्हणाली, "माह्या डोक्यात कधी फणी नाई घातली तुमी."

मी म्हटलं, "तू हालतेस."

*

विंचरलेले केस आमच्याकडं उघड्यावर टाकत नाहीत. वाऱ्यावर गेले, कुणाच्या हाती पडले, तर ज्याचे केस त्याला बाधतं. बाया गुंडाळी करून भिंतीच्या खोबणीत खोचतात. भागीनं सशालाही तोच कायदा लावला. लिफाफ्यातला पुंजका सोडून उरलेले सारे केस मी धोतराच्या सोग्यात बांधून घरी न्यायचो आणि ती एका फडक्यात ठेवायची.

मी म्हटलं, "जनावराले कोण करणी करते?"

"त्याच्या जिवावर पोरगी दवा पिते," ती म्हणाली. "त्याचे केस कायले उडू देता?"

दोन वर्षांत त्या फडक्याची उशीएवढी गठडी झाली.

*

तिसऱ्या पावसाळ्यात बोगद्याजवळ दरड खाली आली. सारी गँग तिकडं. चार दिवस आम्ही चिखल उपसला, तिथंच खाल्लं, तिथंच लवंडलो. राजाचे केस झडायचेच दिवस होते ते. माझ्या मनात सारखं तेच, पण मेटला सांगणार काय?

मेमसाब रोज स्वतः कंगवा घेऊन बसली, म्हणे. पण राजा तिच्या हातात थांबायचा नाही.

पाचव्या दिवशी परतलो तर राजानं दाणा-पाला सोडला होता. पोट दगडासारखं. मी रात्रंदिवस मांडीवर घेऊन तेलाचं बोट चाटवलं, पोट चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातच गेला. साहेब-मेमसाब पहाटेच रुळावरच्या ट्रॉलीनं सालेकशाला गेले होते, दुपारी परतणार होते. मी त्याला पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि घरी येऊन भागीला म्हटलं, "आज चिठ्ठीचा दिस आहे. मेमसाबले कोणत्या तोंडानं सांगू?"

भागी उठली. गठडी सोडली, आतून एक पांढरा पुंजका काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

दुपारी मी नेहमीच्या जागी, व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसलो. मांडीवर फणी. मेमसाब लिफाफा घेऊन आली. तिनं पिंजऱ्याकडं पाहिलं. दार उघडं होतं, आत बिसरामची दूब तशीच पडली होती. मग पेरूखालच्या ओल्या मातीकडं पाहिलं.

मी पुंजका पुढं केला.

तिनं तो घेतला, लिफाफ्यात ठेवला, कड चिकटवली आणि वरून अंगठा दाबून धरला.

"आज ठीक से कंघी किया, सुकराम?"

"जी, मेमसाब."

"अगले हफ्ते भी करना."