बाबांच्या खोलीपर्यंत नेट

बाबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला, आणि बोलणंही गेलं. मारेगावच्या आसपास कुठेही बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असला की माइकवर बाबाच असायचे. बैलजोडी सुटली की त्यांचा आवाज पलीकडच्या शेतांपर्यंत जायचा. आता घशातून नुसती घरघर निघायची. ती कोणी ऐकू नये म्हणून त्यांनी मागच्या खोलीतून बाहेर येणंच सोडलं.

नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई अशा पेशंटना व्हिडिओवर बोलायला शिकवायच्या. पण मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. घरात इंटरनेट होतं ते वायरचं. समोरच्या खोलीतल्या नेटच्या जुन्या डब्यातून एक वायर भावाच्या कॉम्प्युटरला, दुसरी मधल्या खोलीत. भाऊ घरूनच एका कंपनीचं काम करायचा, दिवसभर कानाला हेडफोन. आम्ही बाबांना खुर्चीवर बसवून समोरच्या खोलीत न्यायला गेलो, तर त्यांनी डाव्या हातानं पलंग घट्ट धरून ठेवला.

मग मी वायफायचा डबा आणला. बाईंचा पहिला तास अकरा वाजता होता. मधल्या खोलीतली वायर लांबवून मी बाबांच्या खोलीत नेली, डबा खिडकीत ठेवला, वायर खोचली. दिवे लागले. पाठोपाठ समोरून भावाचा आवाज आला.

"ताई, नेट गेलं. काय करून राह्यली तू?"

"थांब, पाहते."

"थांबू कसा? साहेब लाइनवर होते, कॉल कटला." तो दारात येऊन उभा राहिला. "काढ ते. माही नोकरी घालवतं का?"

बाबांनी सगळं ऐकलं. तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी वायर उपसली. भावाचं नेट परत आलं. आई हळूच म्हणाली, "होते का व बाई? नाही तं राहू दे."

अकरा वाजत आले होते. डोकं चालवायलाच हवं होतं. दोन्ही डब्यांचा नेटवरचा स्वतःचा पत्ता एकच होता, आणि दोघंही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटत होते. त्यात भावाचा कॉम्प्युटर गोंधळला होता. मी लॅपटॉप फक्त नव्या डब्याला जोडला, त्याचा पत्ता बदलला, वाटप बंद केलं.

"आता लावू का?" मी भावाला विचारलं.

तो समोर जाऊन कॉम्प्युटरपाशी बसला. मग म्हणाला, "लाव. पण गेलं तं लगेच काढजो."

मी वायर खोचली आणि कान समोरच्या खोलीकडे लावून उभी राहिले.

"चालू हाये," तो तिकडून म्हणाला.

डॉक्टरीणबाई मोबाइलवर दिसल्या. "बाबा, माझ्याकडे बघा. आ म्हणा." बाबा हलले नाहीत. आईनं खांद्याला धरून त्यांना वळवलं, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मी डब्याकडे पाहिलं, दिवे तर लागलेले होते. आता भाऊ पुन्हा ओरडेल असं वाटलं. मग चित्रातल्या बाई हलल्या, आणि माझ्या मागून, पलंगावरून आवाज आला.

"आली."

आईनं पदर तोंडाला लावला. बाईंना नीट ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. बाबांनी पुन्हा जोर लावला, कपाळाची शीर फुगली, पण घरघरच आली. तरी या वेळी ते भिंतीकडे वळले नाहीत.

त्या दिवशी दुसरा शब्द निघाला नाही. पुढे पाणी, नको, बस असे सुटे शब्द येत गेले. अख्खं वाक्य अजून जमत नाही. तास सुरू व्हायच्या आधी, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, ते मला हातानं दार लावायला सांगतात.