माझ्या हातची मशेरी

डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि माझ्याऐवजी माझ्या सुनेला, स्मिताला, सांगितलं, "कार्सिनोमा आहे. आईंच्या गालात कॅन्सर आहे." ही २०१६ सालची गोष्ट. मी बाजूलाच बसले होते. आजार माझा आणि सांगतात तिला! राग आला.

गालाच्या आत, खालच्या हिरडीजवळ जखम होती. कालवण खाल्लं की आग आग व्हायची. दाढ टोचतेय म्हणून मी दाढच काढून घेतली. दाढ गेली, जखम राहिली. मग बायोप्सी केली, म्हणजे जखमेचा एवढासा तुकडा काढून तपासायला पाठवला.

"तंबाखू खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! आमच्याकडे बायका तंबाखूला शिवत नाहीत."

स्मितानेही नाही म्हणून मान हलवली. बायांनो, हे मी खोटं बोलले नव्हते. तंबाखू खाणं म्हणजे चुना लावून दाढेखाली धरणं आणि पचापच थुंकणं, ते पुरुषांचं काम. आम्ही मशेरी लावतो. तीच तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, बोटाने दातांना लावायची. भाजली की तिच्यातलं वाईट जळून जातं, असं आम्ही धरूनच चाललेलो. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी एकाच डबीतून लावली होती.

चिकूच्या वाडीचं काम मुलावर सोडून आम्ही दोघी मुंबईच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात गेलो. मला वाटलेलं, आमच्या तालुक्याचं दुखणं आमच्यापाशी. तिथे तर सगळा देश बाकावर बसलेला. माझ्या शेजारच्या बाई बिहारच्या. त्यांना माझी भाषा येईना, मला त्यांची, तरी दोघींनी तोंड उघडून एकमेकींची जखम पाहिली.

नंबर यायला दुपार झाली. त्याआधी संशोधन विभागातल्या एक बाई फॉर्म घेऊन आल्या. म्हणाल्या, "हा स्टडी आहे, म्हणजे आजार कशाने होतो याचा अभ्यास. उत्तरं दिली नाहीत तरी उपचार होतीलच." बसून बसून कंटाळले होते, म्हटलं विचारा.

"दात कशाने घासता?"

"मशेरीने."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. जेवण झालं की. वाडीतून आले की. आणि झोपताना."

"दात चार वेळा घासता, मावशी?"

दात कसले, ती तर तंबाखूची तलफ! डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि लाजेने मान खाली गेली.

"घरात आणखी कोणी लावतं?"

मी स्मिताकडे बघितलं. ही पोर वेवजी गावाहून आमच्या चिखले गावात लग्न होऊन आली तेव्हा कोलगेट लावणारी. दिवस गेले, मळमळायला लागलं, तेव्हा मीच तिच्या तळहातावर चिमूटभर मशेरी ठेवली. म्हटलं, लाव गो, बरं वाटेल. तेव्हापासून तिला सुटली नाही.

"हिलाही तपासा," मी म्हटलं. "हिला मीच लावलीय."

तिच्या गालात पांढरा चट्टा निघाला. ल्युकोप्लाकिया, म्हणजे पुसून न जाणारा डाग. डॉक्टर म्हणाले, "हा कॅन्सर नाही. मशेरी बंद केली तर जाऊ शकतो. पण काहींचा पुढे कॅन्सर होतो, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं." माझ्या ऑपरेशनची तारीख त्याच वेळी मिळाली. खरं सांगते, ती मी ऐकलीच नाही.

माझ्या जबड्याच्या हाडाचा एक तुकडा काढला. त्याला मॅन्डिब्युलेक्टॉमी म्हणतात. मांडीची कातडी गालात लावली. नाकातल्या नळीतून दूध पोटात. पुढे रेडिएशन, म्हणजे किरणांनी उरलेला आजार जाळणं. त्याने थुंकी सुकली, चव मेली. माझ्यासारख्या बडबडीला महिनाभर पाटीवर लिहून बोलावं लागलं, ही शिक्षा तर वेगळीच.

वॉर्डातल्या एक जुन्या सिस्टर ड्रेसिंग करताना बोलत राहायच्या. त्यांच्या आधीच्या सिस्टरांनी सांगितलेलं, की पूर्वी लोक इथे मरायलाच यायचे, घरचे सोडून निघून जायचे. डॉक्टर तरीही प्रत्येकाला विचारायचे, काय खातोस, काय ओढतोस, आणि रजिस्टरात लिहायचे. ती माणसं गेली, त्यांची उत्तरं राहिली. "त्यावरूनच तर तुमच्यासारख्यांना काय विचारायचं ते कळलं," सिस्टर म्हणाल्या. मी पाटीवर लिहिलं, "माझंही लिहा. सुनेला मी दिली, तेही लिहा."

घरी आल्यावर बोलता यायला लागलं तेव्हा पहिल्यांदा स्मिताची माफी मागितली. मला वाटलं, म्हणेल, जाऊ द्या आई. तसं ती म्हणाली नाही. नीट माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही दिलीत ते खरं आहे, आई. मला राग येतो. तुमची नळी धुताना पण यायचा." मग भांडी घासायला गेली. ते खरंच होतं आणि ते मला ऐकायला लागणारच होतं.

मशेरी तिने सोडली. किती चिडचिड केली, किती रडली, ते मीच पाहिलं. आता २०१९ चाललंय. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघी दोन फायली घेऊन तपासणीला जातो. माझी आता लवकर संपते. तिची चालू असते तेव्हा मी बाहेर देवाचं नाव घेत बसते.

रोज सकाळी ती पडवीत माझ्यासमोर बसते आणि तोंड उघडते. मी मोबाईलचा टॉर्च लावून गालातला चट्टा बघते, तो अजून गेलेला नाही. उजेड नीट पडावा म्हणून ती माझं मनगट धरून ठेवते.

"वाढलाय?"

"नाही. आहे तेवढाच."

"नक्की ना, आई?"

मी पुन्हा बघते.