हरभऱ्याएवढी गाठ

सिद्धेश्वर धरणात मावणार नाहीत एवढे मोठे मासे माझ्या एका मित्राने त्याच धरणातून बाहेर काढले आहेत. निदान तोंडाने तरी. धंद्याने तो कपडे शिवतो. गळ्यात टेप असेपर्यंत त्याचं माप सूतभर इकडचं तिकडे होत नाही. टेप खुंटीला लागला आणि हातात गळ आला, की मग मापांना कोणी वाली उरत नाही. अर्ध्या किलोची मरळ औंढ्याच्या स्टँडवर येईपर्यंत तीन किलोची होते आणि हॉटेलात चहा येईपर्यंत आठ. साधी सर्दी झाली तरी हा सांगणार, "नाकातून पूर्णा वाहून राहिली." मी गणिताचा मास्तर. त्याच्या प्रत्येक माशाचं वजन चारचौघांत खाली आणणं, हे मी पंचवीस वर्षं बिनपगारी केलेलं काम. एकदा फारच टोकलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमच्या पॅन्टच्या शिवणीत मी दोन इंच कापड राखून ठेवतो, म्हणून तुमी दर दिवाळीला तिच्यात मावता. गोष्टीतबी तसं राखून ठेवावं लागतंय." माझ्या पोटाचा विषय निघाला की मी सहसा गप्प बसतो.

गेल्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावून सांगितलं, की त्याच्या पोटात लिंबाएवढी गाठ आहे, काढावी लागेल, आणि ती कसली आहे ते काढल्यावरच कळेल. मी मनाची तयारी केली. आता बाहेर गेलं की लिंबाचा नारळ होणार, वॉर्डात पोचेपर्यंत टरबूज. खाटेवर वहिनी वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना आधीच धार लागलेली. हा त्यांच्याजवळ बसला आणि म्हणाला, "काही न्हाई, हरभऱ्याएवढी गाठ हाय. काहून रडून राहिली?"

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पंचवीस वर्षांत या माणसाने एखादी गोष्ट लहान करून सांगितलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो घाबरला आहे, हे तिथे आणखी कोणाला कळलं की नाही ठाऊक नाही. मला मापावरून कळलं.

ऑपरेशनला चार दिवस होते. मी सोबतीला राहिलो, म्हणजे सिस्टरांच्या कामात भर म्हणून राहिलो. पहिल्याच दिवशी त्याचं रक्त काढताना मी भिंत धरून खाली बसलो, आणि सिस्टरने पेशंटला सोडून साखरपाणी मला पाजलं. दुसऱ्या दिवशी पुसेगावहून त्याच्या सासुरवाडीची जीप भरून आली. प्रत्येकाने एक बिस्किटपुडा आणला होता आणि अशाच गाठीने गेलेल्या कोणाची तरी एक गोष्ट. एरवी याने प्रत्येकाच्या वरताण काहीतरी सांगितलं असतं. आता नुसता "व्हय, व्हय" करत राहिला.

जीप गेल्यावर मला राहवलं नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "गेल्या साली यानं आठ किलोची मरळ काढली होती."

शेजारच्या खाटेवरचे म्हातारबा उठून बसले. मित्र मात्र छताकडे बघत म्हणाला, "अर्ध्या किलोची होती, मास्तर. तुमाला तर माहीत हाय."

इतकं खरं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आलो.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाठ बरणीत घालून दाखवली. ती मी एक डोळा मिटून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नीट शुद्धीवर आला, ओठ ओले करून घेतले आणि विचारलं, "केवढी निघाली?"

सवय वाईट. मी म्हणालो, "लिंबाएवढी."

त्याने दोन्ही हात उचलले. एका हाताला सलाईन होतं, त्यामुळे नळी पुरेल तेवढंच अंतर पडलं. तेवढ्या अंतराकडे त्याने नाराजीने पाहिलं. "लिंबू कशाचं? टरबूज होतं. दोन सिस्टरांनी उचलून नेलं."

म्हातारबा "अरे बापा" म्हणाले. वहिनी पदराआड हसल्या. आणि मी, गणिताचा मास्तर, मान हलवून म्हणालो, "दोघींनाही जड जात होतं."

गाठ पुन्हा उठली नाही ना हे बघायला आता दर तीन महिन्यांनी आम्ही दोघे एसटीने हिंगोलीला तपासणीला जातो. सगळं ठीक आहे असं कळून परतताना गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला टरबुजाची हकीकत ऐकावी लागते. जाताना मात्र त्याचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले असतात आणि तो खिडकीबाहेर बघत असतो. मग मीच सुरू करतो, परवा धरणावर एकाने मरळ काढलेली पाहिली म्हणून. सराव नसल्यामुळे माझी मरळ काही केल्या दोन किलोच्या वर जात नाही. तो बराच वेळ ऐकून न ऐकल्यासारखं करतो. गाडी हिंगोलीत शिरता शिरता त्याची बोटं जराशी सैल होतात.

"दोन किलोचं काय सांगता, मास्तर," तो खिडकीकडेच बघत म्हणतो, "जरा कापड राखून बोलत जा."