नाळ पुरलेलं घर

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. असले अनुभव कुणी सांगू लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. तरी हे लिहिते आहे...

साठ सालाच्या आसपासची गोष्ट, पनवेलची. ह्यांना कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही आपटा गावचं सासरचं घर सोडून खाडीजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नोकरदार मुलं तेव्हा असंच करू लागली होती. स्वतःचं घर असताना भाड्याने राहायचं म्हणून सासरे बरेच दिवस बोलत नव्हते. घरमालकीण चांगुणामावशी, कोळीण. उरणजवळच्या करंजा बंदरातून मासळी आणून विकायची.

माझी शकू त्या घरातच झाली, दिवस भरायच्या आधी. सासूबाईंना नाळ आपट्याला न्यायची होती, पण सुइणीने ती परसातल्या शेवग्याखाली पुरून टाकली. मावशीला कळलं तेव्हा ती शेवग्यापाशी जाऊन उभी राहिली.

"भाड्याच्या घरात नाळ पुरत नाय, बाय. आता पुरली ती पुरली. पन पोर या घराची झाली."

"म्हणजे तिचं भाडं माफ ना?" मी म्हटलं. मावशी हसली नाही.

शकू रांगायला लागली तेव्हा आमचं स्वतःचं घर झालं — मुंबई-पुणे रस्त्याच्या पलीकडे. सासरे स्वतः येऊन नारळ फोडून गेले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

आठवड्याभरात, भर दुपारी, शकूला निजवून मी विहिरीवर गेले. परत आले तर अंथरूण रिकामं. आळी गोळा झाली, विहिरीत गळ टाकले. इतक्यात कोपऱ्यावर उरणच्या बसमधून मावशी उतरली, डोक्यावर टोपली. गर्दी बघून थांबली.

"आमच्याकडं बगलं काय?"

"मावशी, तिला उभंही राहता येत नाही," कचेरीतून धावत आलेले हे म्हणाले. "मध्ये एवढा रस्ता, ट्रक..."

ती तडक आपल्या घराकडे चालू लागली, आम्ही मागोमाग. तिच्या दाराला सकाळचं कुलूप तसंच होतं. परसात जायला घरातूनच वाट, बाकी तिन्ही बाजूंना उंच भिंत. मागच्या दाराची कडी तिने आतून काढली.

शकू शेवग्याखाली बसली होती. गुडघ्यांना मातीचा डागसुद्धा नव्हता. मी तिला उचललं, तर परक्या बाईने उचलावं तशी रडली आणि मावशीकडे झेपावली.

ह्यांनी दुकानदारांना, गाडीवानांना, सगळ्यांना विचारलं. कुणीच तिला पाहिलं नव्हतं. मावशीवर संशय घ्यावा, तर ती आमच्यासमोरच बसमधून उतरलेली. कुणी नेलं, कसं नेलं — मला आजही माहीत नाही.

नवं घर आम्ही एका शिक्षक जोडप्याला भाड्याने दिलं आणि मावशीच्या खोल्यांत परत भाडेकरू होऊन आलो. शकूचं लग्न होईपर्यंत तिथेच राहिलो. नातेवाईक म्हणत, घरमालक असून भाडं भरणारे पनवेलमधले हे एकटेच शहाणे. घर माझं होतं, मुलगीही माझीच होती... पण माझ्या मुलीला माझ्या घरात निजवायची हिंमत मला पुन्हा झाली नाही.