चादरीत ऊब नसते

दासरीबाई विज्ञानाच्या तासाला कुणालाही ‘चूक’ म्हणत नसत. मुलानं कितीही अचाट उत्तर दिलं तरी बाई खडू खाली ठेवायच्या, पहिल्या बाकावर टेकायच्या आणि विचारायच्या, “असं तुला कशावरून वाटतंय?” मग ते मूल बोलायला लागायचं, त्याला दुसरं खोडायचं, तिसरं मध्ये तोंड घालायचं आणि तास संपायचा. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायचे. तो सगळा गोंधळ भिंतीपलीकडून माझ्याकडं यायचा आणि माझी मुलं कविता सोडून तिकडं कान लावून बसायची. मी तक्रार केली की बाई म्हणायच्या, “कदमबाई, पोरगं उगाच चुकत न्हाई ओ. त्यानं कायतरी बघितलेलं असतंय.”

बाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकराच्या घरातल्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि चिडल्या की दोन्हीची खिचडी. आमची निम्मी मुलंही तसल्याच घरांतली. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळणारी. चादर म्हणजे काय हे त्या मुलांना जन्मापासून ठाऊक. नेमकी तिथंच बाईंची पंचाईत होती.

दरवर्षी उन्हाळा लागला की आठवीच्या वर्गात बाई बर्फाचे दोन सारखे तुकडे आणायच्या. एक ताटलीत उघडा ठेवायचा, दुसरा चादरीत गुंडाळायचा आणि विचारायचं, आधी कुठला वितळेल? अख्खा वर्ग एकमुखानं सांगायचा, चादरीतला. चादर गरम असते ना. मग गोळेवाला बर्फ गोणपाटात का ठेवतो, असं बाईंनी विचारलं तर त्यालाही उत्तर तयार असायचं, गोणपाट गार असतं. अर्ध्या तासानं ताटलीत पाणी आणि चादरीत बर्फ तसाच्या तसा. तुम्हाला वाटेल, आता तरी पोरं गप्प बसली असतील. छे! एका वर्षी एक बहाद्दर उठून म्हणाला, “बाई, ही चादर जुनी हाय. ऊब गेली हिची.” बाईंनी दुसऱ्या दिवशी दुकानातून कोरी चादर मागून आणली. झालं तेच. तेव्हा पोरं म्हणाली, आज बर्फच चांगला होता.

मी शिक्षकखोलीत हसून हसून बेजार. पण खरं सांगते, माझंही फार वेगळं नव्हतं. चादर गरम नसते तर थंडीत मी घेते ती काय शोभेला, असं मी विचारलं होतं. बाईंनी समजावलं की ऊब आपल्या अंगाचीच असते, चादर फक्त ती अडवून धरते. आतली बाहेर जाऊ देत नाही, बाहेरची आत येऊ देत नाही. मी मान हलवली. त्या रात्री चादर अंगावर घेतली आणि मनात म्हटलं, काही का असेना, बाई, गरम तर लागतेय.

मुख्याध्यापकांना हा बर्फ मुळीच पसंत नव्हता. इतर तुकड्यांचे धडे संपायचे आणि बाई अजून चादरीतच. परीक्षेत बर्फ विचारत नाहीत, असं ते एकदा सगळ्यांसमोर बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा बर्फ आला. एवढा चिवटपणा मला जमला नसता. बाईंच्या चिवटपणाचं कारण होतं रेणुका.

रेणुका त्यांची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी. मागवाल्याची मुलगी, दोन घट्ट वेण्या, बोलणं फटकळ. सगळा वर्ग चादरीची बाजू घेऊन भांडत असताना ही पोरगी उठली आणि म्हणाली, “चादरीत ऊब नसतीय बाई. चादर नुसती आडवतीय.” बाईंचे डोळे भरून आले. गोंधळ एकदम थांबला म्हणून मी भिंतीपलीकडून धावत गेले, मला वाटलं काय झालं की काय. त्यानंतर कितीतरी वर्षं बाई हे सांगत राहिल्या. एका तरी पोरीला आतून उमगलं, तेवढ्यावर मी जगीन, असं म्हणायच्या. निवृत्तीचा समारंभ ठरला तेव्हा त्यांची अट एकच होती. भाषण रेणुकानं करायचं, बाकी कुणी केलं नाही तरी चालेल.

रेणुकाचं लग्न होऊन ती जवळच दुसऱ्या गल्लीत नांदत होती. एप्रिलच्या एका दुपारी बाई मला ओढत तिच्या घरी निमंत्रण द्यायला घेऊन गेल्या. आत गेलो तर खिडकी लावलेली, पंखा बंद. रेणुका भिंतीला टेकून बसलेली आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांचं लेकरू, एकावर एक दोन चादरी गुंडाळलेलं. तापानं फणफणलं होतं. शेजारी तिच्या सासूबाई, नरसम्मा, घाम कधी येतो याची वाट बघत बसलेल्या.

बाईंनी निमंत्रणपत्रिका माझ्या हातात कोंबली आणि पुढं होऊन दोन्ही चादरी काढल्या. नरसम्मा “नको, नको” म्हणत उठल्या. बाई ओलं फडकं मागत होत्या, एवढ्यात लेकरानं अंग ताठ केलं, डोळे पांढरे केले आणि त्याला झटके यायला लागले. घरात एकच आकांत झाला. शेजारीण चप्पल हुंगवायला धावली. बाईंनी लेकराला कुशीवर वळवलं. मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ताप उतरवला. लेकरू रडलं आणि आमच्या जिवात जीव आला. लहान मुलांना तापात असं होतं, गुंडाळून ठेवू नका, ताप आणखी चढतो, एवढं डॉक्टरांनी बजावलं. बाहेरच्या बाकावर बाईंनी रेणुकाला हळूच विचारलं, बर्फाचं विसरलीस का?

“आटवतंय की बाई,” रेणुका म्हणाली. “पण ते बर्फ होतं. हे लेकरू हाय.”

बाई रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, आयुष्य गेलं माझं एका चादरीपायी आणि ज्या एका पोरीला कळलं म्हणून जगत होते, तिला फक्त बर्फाचं कळलं होतं. मी म्हटलं, जाऊ द्या, लेकरू वाचलं ना. पण त्यांचा चेहरा असा पडला होता की मलाच रडू आलं.

गल्लीत वेगळीच कहाणी पसरली होती. लेकरू चादरीत गप निजलं होतं, बाईनं चादर ओढली, वारं लागलं आणि झटका आला. मला संताप आला. बाईंना नाही आला. “त्यांनी डोळ्यांनी बघितलंय ओ,” त्या म्हणाल्या. “मी चादर काढली आन् झटका आला. त्यांच्या जागी मी असते तर मीबी हेच म्हणाले असते.” पण लेकराला पुन्हा ताप येणार आणि पुन्हा दोन चादरी पडणार, ही धास्ती त्यांना झोपू देईना. दोन दिवसांनी त्या परत रेणुकाच्या घरी निघाल्या. एकट्या कशाला, म्हणून मी बरोबर गेले.

नरसम्मा दारातच उभ्या राहिल्या. तुम्ही शिकलेल्या आहात, मोठ्या आहात, पण माझ्या नातवाच्या अंगाला पुन्हा हात लावू नका, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी मनात म्हटलं, चला, संपलं. बाई मात्र तिथंच पायरीवर बसल्या. डॉक्टरांचं नाव नाही, पुस्तकाचं नाव नाही. थकल्या आवाजात विचारलं, “अक्का, ताप आला की पांघरूण घालायचं, हे तुमाला कुणी सांगितलं?”

कुणी सांगितलं नव्हतं. नरसम्मा उंबऱ्यावर बसल्या आणि बोलायला लागल्या. रेणुकाच्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा होता. नवरा मागावर, त्या स्वतः मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि राहायचं कारखान्याच्या मागच्या खोलीत. पोराला थंडी वाजून ताप आला. रात्रभर ते कुडकुडत होतं. त्यांनी स्वतःचं लुगडं सोडून घातलं, पोती घातली. सकाळी पोर गेलं. “दिवसभर चादरी विणायचो बाई,” त्या म्हणाल्या, “आन् घरात एक चादर नव्हती. मालकाला मागायची तर लाज वाटली. एक चादर असती तर माझं लेकरू वाचलं असतं.”

रेणुका दाराआड उभी होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं, तोंडाला पदर लावून ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता बाईंनी उठावं. यापुढं शिकवण्यासारखं काय राहिलं होतं?

बाईंनी नरसम्मांचा हात धरला. “अक्का, चादर असती तरी ते वाचलं नसतं. आतला ताप त्याला खात होता, त्याला दवाखाना पायजे होता. चादर नव्हती म्हणून न्हाई गेलं ते. तुमी मागितली न्हाई म्हणून न्हाई गेलं.”

नरसम्मा त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, परत सांगा. बाईंनी परत सांगितलं, या वेळी तेलुगूत. मला त्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही. पण त्या म्हातारीनं बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्या दोघी कितीतरी वेळ तशाच बसल्या होत्या.

समारंभाला रेणुका आली नाही, लेकराला सोडून येववलं नाही म्हणाली. मुख्याध्यापकांनी बाईंच्या निकालाचं तोंड भरून कौतुक केलं. बर्फाचा विषय कुणी काढला नाही. पावसाळ्यात रेणुकाचा मला फोन आला. लेकराला पुन्हा ताप आला होता, सासूबाई चादर घेऊन आल्या आणि ती तशीच मांडीवर घेऊन बसून राहिल्या, घातली मात्र नाही. मी ते बाईंना सांगितलं, तर त्या नुसत्या “हं” म्हणाल्या. एवढंच. मला वाटलं होतं, आनंदानं उड्या मारतील.

त्यांना निवृत्ती फार लाभली नाही. वर्षाच्या आतच एका पहाटे झोपेत गेल्या. त्यांच्या जागी आलेला मास्तर पोरगा हुशार आहे, धडे वेळेवर संपवतो. भिंतीपलीकडं आता आवाज नसतो आणि माझी मुलं मुकाट कविता ऐकतात. मलाच ती शांतता सोसत नाही.

बाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी बसायला गेले तर कोपऱ्यात नरसम्मा होत्या. गुडघ्यांनी चालवत नाही, तरी नातवाचा हात धरून आल्या होत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, “बाई म्हणल्या, माजं पोर माज्यामुळं न्हाई गेलं. मला अजून पुरतं पटलं न्हाई बगा. पण तवापासनं रातीला झोप लागतीया.”