खडूमावशींची फुली

आमच्या शर्टांच्या कारखान्यात मालकांना सगळेच घाबरत, पण खडूमावशींना जरा जास्तच. आता लिहिताना हसू येतं, कारण बाई अंगाने मूठभर, नोकरी रोजंदारीवर आणि हाताखाली एक माणूस नाही. त्यांच्याकडे होतं काय, तर तपासणीचं एक टेबल, डोक्यावर एक ट्यूबलाइट आणि निळ्या खडूची वडी.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी एकवीस वर्षं इस्त्री करतोय. शिवलेला प्रत्येक शर्ट आधी मावशींकडे जायचा. त्या तो उलटा करायच्या, शिवणीवरून अंगठा फिरवायच्या. चूक सापडली की तिथे निळी फुली, आणि शर्ट जिने शिवला तिच्या मशीनवर परत. ओरडणं नाही, टोमणा नाही. नियम एकच, फुली पडलेली शिवण जिची तिनेच उसवायची. एकदा एका नव्या पोरीची दया येऊन मी चार टाके उसवून दिले, तर मावशींनी तिला ते परत तसेच चुकीचे शिवायला लावले आणि तिच्याच हातून उसवून घेतले. मला म्हणाल्या, "तुझं मन मऊ आहे, चांगलं आहे. पण तिचा हात त्याने सुधारायचा नाही." दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

एकोणिसाव्या वर्षी त्या इथे आल्या तेव्हा त्यांचा पहिला शर्ट सात वेळा परत आला होता, हे त्या स्वतःच सांगत. नवरा लवकर गेला. दोन मुलींना शिकवलं, दोघी लांब नोकरीला लागल्या. "आई, आता बस आरामात," असं मुली फोनवर म्हणायच्या, मावशी "हो हो" म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला टेबलावर हजर.

तीसेक जणींना त्यांनी शिवण शिकवली. त्यातली शेवटची म्हणून एकीचं नाव पडलं शेंडेफळ. पोरगी चटपटीत, हात असा चालायचा की बघत राहावं. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा मावशी जन्मात पहिल्यांदा मालकांच्या केबिनमध्ये काही मागायला गेल्या. "ही माझ्याकडे शिकलेली आहे," म्हणाल्या, "खोटं काम करायची नाही." शेंडेफळला खुर्ची मिळाली. मावशी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःहून चहा पाजत फिरल्या.

वर्षभराने घात झाला. मशीनच्या सुईपुढे एक लोखंडी पट्टी असते, बोट आत जाऊ नये म्हणून. कॉलर शिवताना ती मध्ये येते, वेळ खाते. ऑर्डर तातडीची होती. एका सोमवारी शेंडेफळने कॉलर शिवणारीला, आमच्या कॉलरवालीला, सांगितलं, "पट्टी काढून टाक, आजच्या आज दीडशे हवेत." गुरुवारी कॉलरवालीच्या उजव्या तर्जनीतून सुई आरपार गेली आणि हाडात मोडली.

ती इस्पितळात असतानाच नोटीस बोर्डावर एक कागद लागला. खाली शेंडेफळची सही. 'सदर कामगार महिलेने सुरक्षेची पट्टी कोणालाही न विचारता स्वतः काढली.' मालकांनी वर शेरा मारला होता, सर्वांनी बोध घ्यावा. बोध सगळ्यांनी घेतला. या कागदावर कॉलरवालीची नोकरी जाणार होती, आणि बोटाच्या दुसऱ्या ऑपरेशनचं तिचं तिने बघायचं होतं. पुढच्या शुक्रवारी कामगार खात्याचे अधिकारी चौकशीला येणार, कागद पाहणार आणि विषय मिटणार.

मावशींनी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला. मग खडू काढला आणि त्या ओळीवर फुली मारली, शर्टावर मारतात तशीच.

मालकांनी कागद फाडून दुसरा लावला. त्यावर फुली. तिसरा कागद काचेच्या आत गेला, तर मावशींनी काचेवर फुली मारली. मालक म्हणाले, "मावशी, पुन्हा असं दिसलं तर घरी बसावं लागेल." मावशी म्हणाल्या, "बसेन. आज आहे तोवर तपासणी माझ्याकडे आहे." मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले आणि म्हातारीचा चाळा म्हणून सोडून दिलं.

जेवणाच्या सुट्टीत मावशी शेंडेफळच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं आणि मी दारातच हँगर लावत होतो. उगीच लावत होतो.

"मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही," शेंडेफळ म्हणाली. "हा कागदाचा मामला आहे."

"कागद असो नाहीतर शर्ट. शिवलंय तू. मला चूक दिसली, मी खूण केली."

"मला लिहायला लावलं. नाही लिहिलं तर खुर्ची जाते. घरी आई अंथरुणावर आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. परवाच भेटून आले. तुझं कौतुक करत होती."

शेंडेफळने मान फिरवली. मग आवाज चढवून म्हणाली, "आणि मी नाही उसवलं तर? काय कराल?"

"मी काय करणार गं? माझ्या हातात आहे काय? खडू आहे." मावशींनी हातातला खडू दाखवला. "तुझ्याबद्दल शब्द दिला होता मी. माझीही शिवण त्यातच आहे. पण उसवायचं तुलाच आहे. मी हात लावणार नाही."

टेबलाशी परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्या दिवशी एक उलटा शिवलेला कफ त्यांच्या नजरेतून सुटला. मी पाहिला आणि बोललो नाही. न बोलण्यात मी पटाईत होतो, कारण सोमवारी शेंडेफळने पट्टी काढायला सांगितलं तेव्हा मी चार पावलांवर उभा होतो आणि शब्द न् शब्द ऐकला होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मला राहवेना. म्हटलं, "मावशी, मी ऐकलं होतं."

"माहीत आहे. तुझं टेबल काय लांब आहे?"

"मग मला कधी म्हणाला का नाहीत, साक्ष दे म्हणून?"

त्यांनी हातातला शर्ट उलटा केला. "जे बोललंच नाही, त्याच्यावर फुली कुठे मारायची रे?"

मला इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून उठलो.

शुक्रवारी अधिकारी आले. मालक त्यांना बोर्डापाशी घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि काचेवर बोट ठेवलं. "ही निळी फुली कसली?"

मालक म्हणाले, "काही नाही, मुलं खेळतात."

आमच्या कारखान्यात मुलं नाहीत. चाळीस मशिनं एकेक करून थांबली. अधिकाऱ्यांनी शेंडेफळकडे पाहिलं, शेंडेफळने मावशींकडे. मावशी शर्टाच्या बाहीवरून अंगठा फिरवत होत्या, मान वर नाही.

"ती आमच्यातली खूण आहे साहेब," शेंडेफळ म्हणाली. "चुकीच्या शिलाईवर करतात. पट्टी तिने मनाने काढली नाही, मी काढायला सांगितली. कागद मी खोटा लिहिला."

मालक लगेच म्हणाले, पोरगी घाबरलीय, काहीही बोलतेय. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे आणखी कुणी ऐकलं होतं?" माझा हात वर गेला. एकवीस वर्षांत न केलेली चूक त्याच क्षणी केली, इस्त्री शर्टावर तशीच ठेवली. साहेबांना काय सांगितलं ते धड आठवत नाही, जळका वास मात्र आठवतो. मी बोलायचा थांबलो तेव्हा मागून आणखी दोघी उभ्या राहिल्या होत्या.

कॉलरवालीची नोकरी राहिली, दुसरं ऑपरेशनही कारखान्याने करून दिलं. सगळ्या मशिनांना पट्ट्या परत लागल्या. शेंडेफळची खुर्ची गेली आणि ती मशीनवर आली, नेमकी कॉलरवालीच्या शेजारी, कारण तीच जागा रिकामी होती.

दोन महिन्यांनी कॉलरवाली परतली. तर्जनी वाकत नव्हती, सुई ओवताना दोरा निसटायचा. शेंडेफळ बघायची, अर्धी उठायची आणि बसायची. बोलायची हिंमत नव्हती. मी मावशींना म्हटलं, "तुम्ही सांगा ना दोघींना काहीतरी." मावशींनी मला गप्प केलं.

नवव्या दिवशी दोरा पाचव्यांदा निसटला. कॉलरवालीने एक शिवी हासडली, दोऱ्याचं टोक शेजारी धरलं आणि मान न वळवता म्हणाली, "ए, बघत काय बसलीस? ओवून दे." शेंडेफळ उठली, डोळे पुसले आणि सुई ओवून दिली.